बायकोच्या पाठीवरचं जेवण

आमच्या घरात सायकल चालवते ती बायको. हे आधीच स्पष्ट केलेलं बरं, कारण पुढे या गोष्टीत मी एका भडक पोपटी रंगाच्या सायकलच्या जर्सीत दिसणार आहे, आणि उगाच कुणाचा गैरसमज नको.

मी विमा कंपनीत दावे विभागात आहे. माणसं आणि वाहनं एकमेकांवर ज्या ज्या प्रकारे आपटू शकतात, त्या सगळ्या प्रकारांचे फोटो रोज सकाळी माझ्या टेबलावर येतात. त्यामुळे दोन चाकांवर बसायची हौस मला कधी झाली नाही. मी बसनं जातो. बायको शाळेत गणित शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी उजाडता उजाडता सायकल काढून शंभर किलोमीटर जाऊन येते. आल्यावर अंघोळ करून पेपर तपासायला बसते. तिचं पेपर तपासणं बघण्यापेक्षा ऐकण्यासारखं असतं. "अरे गाढवा, हातचा कुठे गेला? खाल्लास?" असं ती प्रत्येक उत्तरपत्रिकेशी मोठ्यानं भांडते, आणि शेवटी कनवाळूपणे अर्धा मार्क देऊन टाकते.

तर ही बाई एका रविवारी कोबीच्या टेंपोतून घरी आली.

मी गॅलरीत उभा होतो. खाली टेंपो थांबला. मागे कोबीचा ढीग, ढिगावर आडवी सायकल, आणि ड्रायव्हरच्या शेजारी बायको. सायकल मंडळाची दोनशे किलोमीटरची फेरी होती त्या दिवशी. ठरलेल्या वेळेत पूर्ण केली की पदक मिळतं. ती जवळजवळ तीन चतुर्थांश अंतर गेली होती. मी धावत खाली गेलो.

"पडलीस का?"

"नाही."

"सायकल बिघडली?"

"नाही. मीच बिघडले."

जिना चढताना तिनं कठड्याला धरलं होतं. घरात आल्यावर तिनं जर्सीच्या पाठीवरचे तीन खिसे रिकामे केले. सायकलवाल्यांच्या जर्सीला खिसे पाठीवर असतात, कमरेच्या जरा वर. चालवता चालवता हात मागे घालून खाता यावं म्हणून. त्यातून निघाली काळी पडलेली दोन केळी, महागड्या वेष्टनातल्या तीन वड्या, आणि टूथपेस्टसारखी दिसणारी कसलीशी ताकदीची नळी. सगळं जसंच्या तसं.

"काहीच खाल्लं नाहीस?"

"जात नाही हो. घास तोंडात नुसता फिरत राहतो. गिळायचं कसं तेच विसरल्यासारखं होतं. शंभरपर्यंत तसंच निभतं, आज मात्र एकदम अंगातलं सगळं संपलं. रस्त्याच्या कडेला बसले, तर उठताच येईना."

तिनं सायकल पॅसेजमधल्या हुकाला लावली आणि वरून जुनी चादर टाकली. पुढचा रविवार आला, ती उठली नाही. त्याच्या पुढचाही आला. पेपर तपासायचे होते ते तिनं तपासले. पण गप्प बसून. हातचा खाल्लेल्या पोरांना कुणी गाढव म्हणेना. आमचं घर तसं लहान आहे, त्यात एवढी शांतता मावत नव्हती.

तेव्हा मी हे प्रकरण हातात घ्यायचं ठरवलं. नाहीतरी खाण्याच्या बाबतीत आमच्या घरात शेवटचा शब्द माझाच असतो. म्हणजे शेवटचा घास माझा असतो. पण मी त्याला शब्द समजतो. माणसाला सायकलवर बसून काय खाता येईल, हा काही फार मोठा प्रश्न नव्हता. निदान मला तसं वाटलं. मी एवढंच केलं, की लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या सरांना सहज विचारलं.

सर निवृत्त क्रीडाशिक्षक. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गळ्यातली शिट्टी काही निवृत्त झालेली नाही. लिफ्ट वेळेवर आली नाही तर ते शिट्टी वाजवतात. माझा प्रश्न ऐकून त्यांनी लिफ्टचं दार पायानं अडवून धरलं.

"केळं!" ते म्हणाले. "दुसरा विचारच करू नका. केळ्याला निसर्गानं स्वतःचं पाकीट दिलंय."

"पण तिनं केळी नेली होती, सर. खाल्ली नाहीत."

"मग केळ्याचा काय दोष?"

लिफ्ट अडल्यामुळे खालच्या मजल्यावर खोळंबलेल्या मावशी जिन्यानं वर आल्या आणि भिजवलेल्या बदामांच्या बाजूनं बोलू लागल्या. त्यांच्या मागोमाग चढलेला केमिस्ट म्हणाला, की बदाम वगैरे जुनं झालं, आता पावडर. संध्याकाळी तो डबाच घेऊन घरी आला. डब्यावर एका माणसाचं चित्र होतं. त्याला मान नव्हती. मी म्हटलं, बायकोची मान मला आहे तशी हवी आहे. तो रागावून गेला.

मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला असते. ती फोनवर म्हणाली, "बाबा, तू यात पडू नकोस. दर तासाला साठ ग्रॅम कार्ब्ज लागतात. हे सायन्स आहे."

"साठ ग्रॅम म्हणजे किती?"

"म्हणजे दोन केळी धर."

"तासाला दोन? दिवसभर? अगं, ती सायकलवर चाललीय का झाडावर?"

"म्हणूनच म्हणते, तू यात पडू नकोस."

पण मी पडलो होतो. विम्याच्या धंद्यात माणूस एक गोष्ट शिकतो: लोक काय सांगतात ते बाजूला ठेवायचं आणि नुकसान स्वतः जाऊन बघायचं. पदार्थ उन्हात टिकला पाहिजे, धक्के सोसून आकारात राहिला पाहिजे, आणि एका हातानं खाता आला पाहिजे. या तीन कसोट्या मी ठरवल्या. प्रयोग अर्थातच स्वतःवर. बायकोची जर्सी गुपचूप काढली, तिच्या तीन खिशांत पदार्थ भरले, वरून ऑफिसचा शर्ट घातला, आणि बसच्या सगळ्यात मागच्या सीटवर जाऊन बसलो. बसची मागची सीट आणि सायकलची सीट यांत धक्क्यांच्या बाबतीत फारसा फरक नाही. असलाच तर तो सायकलच्या बाजूनं आहे.

पहिल्या दिवशी केळं. निसर्गानं दिलेलं पाकीट तिसऱ्याच स्टॉपला फाटलं. शेजारच्या बाईंनी दोनदा हवेत वास घेतला आणि जागा बदलली.

दुसऱ्या दिवशी खजूर. खजूर धक्क्यांना पुरून उरला, उन्हाला पुरून उरला, आणि चावताना माझ्या दाढेतल्या जुन्या चांदीलाही पुरून उरला. ती चांदी खजुराबरोबर निघून आली. दाताच्या डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं?" मी म्हटलं, "बायको सायकल चालवते." त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

तिसरा दिवस चॉकलेटचा. त्या दिवशी नेमकी साहेबांनी मीटिंग बोलावली. साहेबांच्या केबिनमध्ये नवीन खुर्च्या आल्या होत्या, सायीच्या रंगाच्या. एसी बंद होता. मी पाठ टेकून बसलो आणि वर्षभरातल्या दाव्यांचा आढावा, माझ्या मते, फार मुद्देसूद मांडला. मग उठलो. सगळे खुर्चीकडे बघत होते. मीही वळून पाहिलं. खुर्चीच्या पाठीपासून सुरू झालेला एक तपकिरी ओघळ बैठकीपर्यंत येऊन स्थिरावला होता.

साहेब भला माणूस आहे. ते उठून माझ्याजवळ आले आणि खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "घरी जा तुम्ही. लाजू नका. माझ्या सासऱ्यांनाही होतं."

"साहेब, हे चॉकलेट आहे."

"हो हो, चॉकलेटच आहे," साहेब म्हणाले. रडणाऱ्या पोराला ज्या आवाजात 'आई आत्ता येईल हं' म्हणतात, त्या आवाजात.

आता अशा वेळी शहाण्या माणसानं गप्प बसावं. पण विभागातल्या अकरा माणसांसमोर माझ्या अब्रूचा प्रश्न होता. मी पुरावा द्यायचं ठरवलं. खुर्चीवर बोट फिरवलं आणि चाटून दाखवलं.

त्यानंतर जे झालं त्याला माझा इलाज नव्हता. मला टॅक्सीत बसवून घरी पाठवण्यात आलं. प्रकरण तिथेही थांबलं नाही. आस्थापना विभागानं कळवलं, की साहेबांनी आजारपणामुळे घरी पाठवलं असल्यानं आजार दाखवणं सक्तीचं आहे. मी म्हटलं, मला काही झालेलं नाही. ते म्हणाले, मग गैरहजेरी लागेल. आमच्या डॉक्टरांकडे गेलो. ते पोट धरून हसले, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "खोटं मी लिहीत नाही. 'उन्हामुळे' एवढंच लिहितो. चॉकलेट वितळलं ते उन्हामुळेच ना?" ते सर्टिफिकेट दिल्यावर आस्थापना विभाग म्हणाला, की ऊन लागलेल्या माणसानं आता तो कामावर यायला योग्य असल्याचं दुसरं सर्टिफिकेट आणावं. तेही आणलं. आठवडाभर विभागातली माणसं माझ्या टेबलावर न मागता पाण्याचे ग्लास ठेवत होती.

एवढ्या मानहानीनंतर मी बटाट्यापाशी आलो. लहान बटाटा, उकडलेला, साल काढून मिठात घोळवलेला. तो फुटला नाही, वितळला नाही, चिकटला नाही. बसमध्ये कुणी जागा बदलली नाही. त्याच्याबरोबर मऊ भाताचे सुपारीएवढे गोळे केले, मुठीत दाबून, कागदात गुंडाळून. तेही टिकले. राहिली तिसरी कसोटी, एका हातानं खाण्याची. ती बसमध्ये बसून कशी होणार? त्यासाठी सायकलच पाहिजे.

बायको शाळेतून यायच्या आधी मी चादर बाजूला केली, सायकल खाली पार्किंगमध्ये नेली, मागचं चाक अधांतरी राहील अशा बेतानं स्टँडवर चढवली, आणि वर बसलो. ऑफिसचा शर्ट घामानं खराब नको म्हणून काढून ठेवला होता. अंगात फक्त ती पोपटी जर्सी. ती मला छातीवर आवळत होती आणि पोटाच्या जरा अलीकडेच संपत होती. मी पायडल मारू लागलो. डावा हात हँडलवर, उजवा पाठीमागे. खिसा सापडला, बटाटा सापडला, तोंडापर्यंत आला. मला इतका आनंद झाला, की मी दुसरा हातही सोडला.

पडण्याचा आवाज दोन इमारतींपर्यंत गेला असं मागाहून कळलं. डोळे उघडले तेव्हा मी फरशीवर होतो, सायकल माझ्यावर होती, आणि दप्तर खांद्याला लावून बायको समोर उभी होती. तिनं खाली वाकून आधी सायकलचं पुढचं चाक फिरवून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"ही माझी जर्सी?"

तोंडात बटाटा होता. मी मान हलवली.

"ताणली गेलीय."

मी पुन्हा मान हलवली.

"काय करत होतात?"

मग मी गिळलं आणि सगळं सांगितलं. केळं, दाढेची चांदी, साहेबांची खुर्ची, दोन सर्टिफिकेटं. खुर्चीवर बोट फिरवल्याचं सांगत होतो तेव्हा तिच्या नाकपुड्या थरथरायला लागल्या. चाटल्याचं सांगितल्यावर ती दप्तरासकट खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि नंतर त्या पाण्याचा हसण्याशी संबंध राहिला नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. फरशीवर, दोन मोटारींच्या मध्ये, मीही तिच्याजवळ सरकून बसलो.

"मला वाटलं, आता वय झालं माझं," ती म्हणाली. "पोरगी नोकरीला गेल्यापासून हे एकच होतं, जे मी फक्त माझ्यासाठी करत होते. तेही गेलं असं वाटलं."

"एक बटाटा खाऊन बघ."

तिनं माझ्या, म्हणजे तिच्या, पाठीवरच्या खिशात हात घातला, एक बटाटा काढला आणि खाल्ला. सहज खाल्ला. त्यावर मी जो विजयी चेहरा केला, तो पुढे मला महागात पडला.

तिनं पुन्हा फेरीसाठी नाव दिलं. मंडळाचे सेक्रेटरी म्हणजे निवृत्त तिकीट तपासनीस. समोरचा माणूस विनातिकीट आहे असं धरूनच ते बोलायला सुरुवात करतात. मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा त्यांनी नियमावली उघडली.

"ठरलेले थांबे सोडून रस्त्यात कुठेही मदत दिली, की बाद. पाणी नाही, खाणं नाही, हात नाही."

"मी रस्त्याच्या कडेला उभा राहून तिला नुसतं पाहिलं तर?"

त्यांनी पान उलटलं. "पाहायला हरकत नाही. मात्र तिला काही देता कामा नये."

"बरं."

"आणि ढकलता कामा नये."

"मी कशाला ढकलीन?"

"नवरे ढकलतात," ते गंभीरपणे म्हणाले.

फेरीच्या दिवशी झुंजूमुंजू होताना ती निघाली. तिन्ही खिसे भरलेले. एकात बटाटे, एकात भाताचे गोळे, एकात मध लावलेल्या ब्रेडच्या घड्या. मागून ती थोडी उंटासारखी दिसत होती, पण मी बोललो नाही. सर आपली जुनी गाडी घेऊन आले होते. डबे भरून जास्तीचं खाणं आम्ही मागच्या सीटवर ठेवलं, आणि जवळच्या रस्त्यानं पहिल्या थांब्यावर, एका पेट्रोल पंपावर, जाऊन उभे राहिलो.

ती आली. कार्डावर शिक्का घेतला. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिन्ही खिसे गच्च.

"एकही नाही?"

"एक बटाटा काढला होता," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "हातात धरून कितीतरी लांब गेले. तोंडापर्यंत नेला. मग परत ठेवला. तुमची इतकी मेहनत, आणि..."

"माझं जाऊ दे गं. आता खा. इथे बसून खा."

तिनं भाताचा गोळा तोंडात घातला. मी बघत होतो. सर बघत होते. पंपावरचा माणूसही बघायला लागला. घास या गालातून त्या गालात, त्या गालातून या गालात. खाली जाईना. तिच्या डोळ्यांत तेच मला दिसलं, जे कोबीच्या टेंपोतून उतरताना होतं.

काळजी वाटली की मला भूक लागते. ही माझी जुनी सवय आहे. नकळत मी डबा उघडला, तिच्या शेजारी कट्ट्यावर टेकलो आणि एक गोळा तोंडात टाकला. मीठ जरा जास्त झालं होतं. तसं मी म्हटलं.

"नाही हो, बरोबर आहे," ती म्हणाली. "घामानं जातं ना मीठ." आणि तिनं दुसरा गोळा घेतला. मग मी बटाटा घेतला. तिनंही घेतला. सासूबाईंच्या गुडघ्याबद्दल बोललो, मुलीच्या घरमालकाबद्दल बोललो, आणि मध्येच ती थांबली.

"अहो."

"काय?"

"मी खातेय."

खरंच खात होती. तिनं हातातल्या अर्ध्या बटाट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मी एकटी कधी जेवलेच नाहीये," ती सावकाश म्हणाली. "लहानपणी आम्ही पाच भावंडं. मग होस्टेल. मग तुम्ही. शाळेतसुद्धा डबा सगळ्यांबरोबर. रस्त्यात एकटीनं खायचं म्हटलं, की कुणाचं तरी चोरून खातेय असं वाटतं. तुम्ही समोर खात असलात ना, की जातं."

सरांनी शिट्टी वाजवली. "सुटला प्रश्न! तुम्ही रस्ताभर खात राहायचं!"

आता हे बोलायला सोपं होतं. थांबे चारच; मधे मैलोन्मैल रस्ता. पण नियम मी वाचले होते. तिला द्यायचं नव्हतं, ढकलायचं नव्हतं. मी माझं खाल्लं तर? आम्ही गाडी पुढे नेली, एका वळणावर झाडाखाली लावली, आणि मी रस्त्याच्या कडेला डबा घेऊन उभा राहिलो. ती दुरून दिसली. मी बटाटा वर धरला, तिला नीट दिसेल असा, आणि मोठा घास घेतला. तिचा हात पाठीमागे गेला. ती माझ्यासमोरून बटाटा चावत निघून गेली, तोंड भरलेलं, आणि हसत होती.

पुढच्या वळणावर पुन्हा. पुढच्या पुलाजवळ पुन्हा. ती खात होती, म्हणून मी खात होतो. मी खात होतो, म्हणून ती खात होती. मधल्या एका गावाजवळ मागून मोटारसायकल आली आणि थांबली. सेक्रेटरी.

"हे काय चाललंय?"

"जेवतोय," मी तोंडातला घास सांभाळत म्हटलं.

"मघाशीही जेवत होतात. मी दुरून पाहिलं. त्याच्या आधीही. ही बाहेरची मदत आहे."

"मी तिला काहीच देत नाही."

"मग का खाता?"

"भूक लागते."

"दर दहा किलोमीटरला?"

सर मधे पडले. "नियमात खाऊ घालायला बंदी आहे. खायला कुठे आहे?"

सेक्रेटरींनी नियमावली काढली. उन्हात उभं राहून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. तेवढ्यात बायको आली, मी नाइलाजानं घास घेतला, तिनं घास घेतला, आणि ती गेली. सेक्रेटरी तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिले. नियमावली मिटली.

"माझी मंडळी असताना," ते म्हणाले, "मी ड्यूटीवरून कितीही उशिरा आलो, तरी जेवायची थांबलेली असायची." मग त्यांनी घसा खाकरला. "त्यात बटाटा आहे का एखादा?"

मी डबा पुढे केला. खाऊन झाल्यावर ते म्हणाले, "मी काही पाहिलं नाही," आणि मोटारसायकलला किक मारली.

दुपारनंतर समोरून वारा सुटला. तिचा वेग कमी झाला, आणि वेग कमी झाला म्हणजे खाणं वाढलं. हिशेब सोपा होता आणि तो माझ्या पोटात चालू होता. ती निदान पायडल मारत होती. तिचा बटाटा पायांत जात होता. माझा जागच्या जागी बसून होता, वर दुसरे येत होते. शेवटचा थांबा मागे पडल्यावर मला घाम फुटला. पोट नगाऱ्यासारखं झालं. भात या शब्दानंही कसंतरी व्हायला लागलं. शेवटच्या चढाच्या पायथ्याशी सरांनी गाडी थांबवली, तेव्हा मी मागच्या सीटवर आडवा झालो होतो.

तिची सायकल जवळ आल्याचं कळलं. मग ब्रेक लागल्याचं. तिचा चेहरा खिडकीत आला. धुळीनं माखलेला, ओठ फुटलेले.

"काय झालं? बाहेर का नाही दिसलात?"

"काही नाही. तू जा. वेळ नाहीये."

"घामाघूम झालायत तुम्ही. छातीत दुखतंय का?"

"पोटात. नुसतं पोटात. जा ना."

ती सायकलवरून उतरली. हेल्मेटचा पट्टा सोडायला लागली. "सर, गाडी वळवा. मला नकोय ते पदक. ह्यांनी खायचं सोडलंय म्हणजे काहीतरी गंभीर आहे."

पुढे फक्त तो चढ होता, आणि चढापलीकडे फेरी संपायचं गाव. तिनं पट्टा सोडलाच होता. मी उठून बसलो. डब्यात एकच भाताचा गोळा राहिला होता, दिवसभराच्या उन्हानं कोरडा झालेला. मी तो उचलला. लोक बायकोसाठी काय काय करतात. डोंगर चढतात, हिरे आणतात. मी तो गोळा तोंडात घातला, तिच्या डोळ्यांत बघत चावला, आणि गिळला.

"छान झालाय," मी म्हटलं.

मग तिनं खिशातून शेवटचा बटाटा काढला आणि उभ्या उभ्या संपवला. पट्टा लावला.

"ढोंगी," ती म्हणाली, आणि चढाला लागली.

ती वळणाआड जाईपर्यंत मी हात हलवत होतो. मग गाडीतून उतरलो आणि एका झाडामागे जाऊन दिवसभराचा सगळा हिशेब परत केला. सरांनी पाठ चोळली. शिट्टी वाजवली नाही, हा त्यांचा मोठेपणा.

ती वेळेत पोचली. किती मिनिटं उरली होती ते मला माहीत नाही, कारण मी तेव्हा फेरी संपते तिथल्या बाकावर मीठ-साखरेचं पाणी पीत पडलो होतो. मंडळाच्या प्रथमोपचाराच्या पथकाला दिवसभरात एकच रुग्ण मिळाला, आणि तो सायकलवर बसलेलाच नव्हता. सेक्रेटरींनी तिच्या गळ्यात पदक घातलं, आणि जाता जाता माझ्या बाकाशी थांबून मला सलाम केला.

बाकामागेच एक लहानसं हॉटेल होतं. ती मला धरून तिथल्या टेबलापाशी घेऊन गेली. गळ्यात पदक, गुडघ्यावर वंगण, केस हेल्मेटच्या आकारात चिकटलेले. तिनं ऑम्लेट आणि ब्रेड मागवला. प्लेट आली तसा वास आला, आणि मी खुर्चीची कड घट्ट धरली.

"मला नाही गं जमणार आता," मी म्हटलं. "एक घाससुद्धा नाही. खरंच नाही. तू सरांना बोलाव समोर खायला."

"तुम्ही नुसते बसा."

तिनं ब्रेड मोडला. पहिला घास घेतला, मग दुसरा. ऑम्लेट संपलं, ब्रेडनं प्लेट पुसून झाली. मी काही खात नव्हतो. नुसता बसलो होतो, पोटावर हात ठेवून. ती खात होती आणि मधून मधून माझ्याकडे बघत होती.

काय घडतंय ते माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

"म्हणजे मी नुसता बसलो असतो तरी चाललं असतं?"

शेवटच्या तुकड्यासकट तिचा हात तोंडाशी थांबला. "असं दिसतंय खरं."

"मग आधी का नाही सांगितलंस? कमीत कमी चाळीस बटाटे खाल्ले असतील मी!"

"मला तरी कुठे माहीत होतं?" ती म्हणाली. नाकपुड्या थरथरत होत्या, पण हसली नाही. टेबलावरून हात पुढे करून तिनं माझ्या शर्टावरचं भाताचं शीत काढलं, आणि आत वळून आणखी एक ऑम्लेट मागितलं.

मी खुर्ची जरा पुढे ओढली आणि बसून राहिलो.